कॅमेऱ्याची पापणी

मंडळी, आपल्या डोळ्याची पापणी किती वेळात लवते, हे कधी मोजून पाहिले आहे का? मोजता येत नाही. 'एक' म्हणायच्या आत ती मिटते आणि पुन्हा उघडते.

जुन्या कॅमेऱ्यालाही अशीच एक पापणी असते. फरक एवढाच, की आपली पापणी उघडी असते नि क्षणभर मिटते. कॅमेऱ्याची पापणी मिटलेली असते नि क्षणभर उघडते. तिला शटर म्हणतात. दुकानाला लोखंडी शटर असते, ते तुम्ही पाहिले आहे. दोघांचे काम एकच. वेळ झाली की आत येऊ द्यायचे, नाही तर अडवायचे. दुकानाचे शटर माणसांना अडवते. कॅमेऱ्याचे शटर उजेडाला अडवते.

ही पापणी अडकली तर काय करावे? घरच्या घरी ती नीट करता येते का? आमच्या घरी ही वेळ आली होती. तेव्हा काय घडले ते सांगतो आणि जोडीने कृतीही सांगतो.

आमचा अपराध

आमचे गाव जळकोट. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या सडकेवर, नळदुर्गच्या पुढे. आमचे थोरले बंधू अण्णा शेती करीत आणि हौसेने फोटो काढीत. त्या काळी बडोद्याला 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' नावाचा साधा कॅमेरा तयार होई. आपल्या देशात तो पुष्कळ घरांत होता. अण्णांचा कॅमेराही तशाच साध्या बनावटीचा. एका रोलवर बारा फोटो निघत. रोलला पैसे पडत, धुवायला पैसे पडत. म्हणून अण्णा खटका दाबण्याआधी दहा वेळा विचार करीत.

१९९३ सालच्या मे महिन्यात तो खटका जड चालू लागला. आम्ही तेव्हा तरुण मास्तर होतो. सायकलला तेल लागते, कुलपाला लागते, शिलाई मशीनला लागते. मग यालाही लागत असेल, असे आम्ही धरून चाललो. अण्णांना विचारले नाही. खटक्याच्या फटीतून मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले.

दोन दिवस खटका अगदी हलका चालला. आम्हाला मोठी शाबासकी मिळवल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी तो जो अडकला, तो हलेचना.

अण्णा रागावले नाहीत. "सोलापूरला गेलो की दाखवू," एवढेच म्हणाले. पुढे पेरणी आली. पाऊसपाणी आले. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही गावे होत्याची नव्हती झाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आमच्या घराची पुढची भिंत खचली, ओसरी पडली. माणसे तेवढी वाचली. मग कॅमेऱ्याकडे बघतो कोण? तो पेटीत गेला, तो तिथेच राहिला. अण्णा २०२१ साली वारले.

लाल काचेतला आकडा

२०२४ सालची दिवाळी जवळ आली होती. वहिनींनी घर काढले. पेटी उघडली, तर तळाशी कॅमेरा. वहिनींनी तो पुसून आमच्यापुढे ठेवला. आम्ही खटका दाबून पाहिला. टिक नाही नि टाक नाही. मनात म्हटले, आता सवड आहे. उघडून तरी बघू. आमचा हात मागच्या झाकणाच्या कडीवर गेला.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, थांबा की! ह्या लाल काचंत सात दिसायलाय बघा."

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरोखरच इंग्रजी आकडा सात! आमच्या अंगावर काटा आला. वहिनी साक्षरतेच्या वर्गाला जातात. एसटीची पाटी आणि घड्याळ वाचण्यासाठी त्या इंग्रजी आकडे शिकल्या होत्या. तेच आकडे इथे कामाला आले.

हा सात म्हणजे काय? या कॅमेऱ्याच्या रोलला मागून कागद लावलेला असतो. त्या कागदावर एक ते बारा आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून आकडा दिसतो. सात दिसला, याचा अर्थ आत रोल आहे. सहा फोटो काढून झाले आहेत. सातवा काढायचा राहिला आहे.

झाकण उघडले असते, तर उजेड आत शिरला असता. अण्णांनी काढलेले ते सहा फोटो आमच्या हातून गेले असते. एक चूक १९९३ साली केली होती. तिच्यावर ही दुसरी बसली असती.

म्हणून पहिला नियम हा, की कॅमेरा उघडण्याआधी आत रोल आहे का ते पाहा.

रोल असेल तर तो असा काढावा. भिंगावर काळी चिकटपट्टी लावा. रात्री अंधाऱ्या खोलीत बसा. रोल गुंडाळायची घुंडी फिरवत राहा. आकडे संपतात. कागदाचे टोक पुढे जाते. मग घुंडी हलकी होते आणि फुकट फिरू लागते. आता सगळा रोल दुसऱ्या रिळावर गेला. अंधारातच झाकण उघडा. रीळ घट्ट धरा. सैल सुटू देऊ नका. त्याच्या टोकाची चिकटपट्टी लावा आणि काळ्या कागदात गुंडाळा.

आम्ही तसेच केले. रोल पुण्याला धुवायला पाठवला. तो एकतीस वर्षांचा जुना आहे, हे चिठ्ठीत लिहायला विसरलो नाही. मग शटरकडे वळलो.

शटर चालते कसे?

कॅमेरा म्हणजे एक लहानशी अंधारी खोली. समोर भिंग, मागे रोल, मध्ये शटर. रोलला उजेड सोसत नाही. कमी उजेड पडला तर फोटो काळा येतो. जास्त पडला तर पांढराफटक येतो. जेवढा हवा तेवढाच उजेड आत सोडणे, हे शटरचे काम.

पहिल्या काळी कॅमेऱ्याला शटर नसे. फ्रान्स देशातल्या दागेर या गृहस्थाची फोटो काढण्याची रीत १८३९ साली जगापुढे आली. तेव्हा एका फोटोला मिनिटेच्या मिनिटे लागत. फोटोवाला भिंगावरचे झाकण हाताने काढी, वेळ मोजी आणि झाकण पुन्हा लावी. पुढे झटपट फोटो उमटणाऱ्या काचा आणि फिल्म निघाल्या. हात तेवढा चपळ नसतो. म्हणून शटर आले. १९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने 'ब्राउनी' नावाचा खोक्याचा कॅमेरा काढला. त्याची किंमत होती एक डॉलर. तेव्हापासून साधा माणूसही फोटो काढू लागला.

अशा साध्या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये तीन मुख्य वस्तू असतात. एक पाते, एक स्प्रिंग आणि एक खटका. पाते पत्र्याचे, कागदासारखे पातळ असते. त्याला एक भोक असते. खटका दाबू लागलो की आधी स्प्रिंग ताणली जाते. गलोलीचे रबर ताणावे, तशी. पुरती ताणली की पाते सुटते आणि झपकन सरकते. भोक भिंगासमोरून जाते. तेवढाच वेळ उजेड आत येतो. हा वेळ एका सेकंदाचा तिसावा किंवा पन्नासावा भाग असतो.

आता आमच्या तेलाने काय केले, ते ध्यानात येईल. ही स्प्रिंग केसासारखी बारीक. तिच्यात जोर तो किती! तेल पात्यांच्या मध्ये पसरले. त्यावर धूळ बसली. सुकून त्याचा चिकट राळ झाला. दोन ओल्या पाट्या एकमेकींवर ठेवल्या तर चिकटतात ना? तसे झाले. काही मोडले नव्हते. काही तुटले नव्हते. जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा असेच असते. शटर मेलेले नसते, मळलेले असते.

कामाची तयारी

काम दिवसा, खिडकीजवळ करावे. पंखा बंद ठेवावा. पुढे मोठी परात घ्यावी, तीत पांढरे फडके अंथरावे. पडलेला स्क्रू त्यावर दिसतो.

एवढ्या वस्तू हव्यात. घड्याळजी वापरतात तसला बारीक पेचकस. एक चिमटा. कापूस. दात कोरायच्या चार काड्या. आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचा स्पिरिटसारखा द्रव. तो औषधाच्या दुकानात मिळतो. रॉकेल वापरू नका, ते स्वतःच तेलकट असते. रंगाचे थिनर वापरू नका, त्याने रंग आणि प्लॅस्टिक खराब होते.

हा द्रव पेट घेतो. जवळ चूल, दिवा, उदबत्ती, विडी काहीही नको. खिडकी उघडी ठेवा. मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी बाटली ठेवा.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी. कॅमेऱ्याचा पुढचा भाग कोणत्या स्क्रूंनी बसवला आहे, ते शोधा. काही कॅमेऱ्यांत स्क्रू समोर असतात. काहींत झाकण काढल्यावर आतून दिसतात. पेचकस स्क्रूच्या खाचेत नीट बसला पाहिजे. सैल पेचकसाने खाच झिजते, मग तो स्क्रू निघत नाही.

दुसरी पायरी. एकेक स्क्रू काढा आणि काढल्या क्रमाने ओळीत ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या. पुन्हा बसवताना हे फोटो गुरुजीचे काम करतात.

तिसरी पायरी. पुढचा भाग हळूच उचला. हिसका देऊ नका. स्प्रिंग उडते आणि कुठे गेली ते कळत नाही. आम्ही हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून केले. उडाली तरी पिशवीतच राहील.

चौथी पायरी. आता नुसते बघा. काही करू नका. स्प्रिंगची दोन्ही टोके आपापल्या आकड्यात आहेत का? निसटली असेल तर चिमट्याने परत अडकवा. आमची स्प्रिंग जागेवर होती. पात्यावर मात्र पिवळा चिकट थर होता. तो कोणाचा, हे आम्हाला ठाऊक होते.

पाचवी पायरी. काडीच्या टोकाला थोडा कापूस गुंडाळा. तो द्रवात बुडवून पिळून घ्या. पात्याच्या कडेला टेकवा. द्रव आपण होऊन फटीत शिरतो. वरून ओतू नका. भिंगाला लागू देऊ नका. मग खटका दहा-वीस वेळा हळूहळू चालवा. मळ सुटून कडेला येतो. कोरड्या कापसाने तो टिपून घ्या. नवा कापूस घ्या, पुन्हा तेच करा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत करा.

सहावी पायरी. तासभर वाळू द्या. ओले असताना शटर चालते आणि वाळल्यावर पुन्हा अडकते, असे घडते. म्हणून वाळल्यावर जे दिसेल तेच खरे.

आणि सातवी पायरी ही, की तेल घालू नका. साध्या कॅमेऱ्याचे पाते कोरडेच चालते.

चालले की नाही, ते पाहावे कसे?

रोल न घालता मागचे झाकण उघडा. कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे धरा. सूर्याकडे मात्र कधीही धरू नका. मागून बघत खटका दाबा. उजेडाचे गोल भोक चमकून नाहीसे झाले, म्हणजे पाते चालले.

पण ते वेळेवर चालले का? इथे आमच्या नातीने युक्ती सांगितली. पुष्कळ मोबाइलवर सावकाश चालणारे चित्र घेता येते. तिच्या मोबाइलवर एका सेकंदात २४० चित्रे निघतात. तिने मागून शटरचे चित्रण केले. मग किती चित्रांत उजेड आहे, ते मोजले. आठ चित्रांत उजेड दिसला, तर २४० भागिले आठ, म्हणजे तीस. सेकंदाचा तिसावा भाग.

पहिल्या खेपेला चोवीस चित्रांत उजेड दिसला. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आम्हाला कानाने ठीक वाटले होते, पण पाते अजून मंद होते. पुन्हा उघडले, पुन्हा दोनदा साफ केले. मग आठ चित्रे आली. नात म्हणाली, "आजोबा, पास!"

कुठे थांबावे?

हात चालू लागला की माणूस धीट होतो. म्हणून हेही सांगतो.

ज्या कॅमेऱ्यात फ्लॅशचा दिवा आतच बसवलेला आहे, तो घरी उघडू नका. त्यात वीज साठवणारा एक भाग असतो. सेल काढले तरी त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास वीज राहू शकते. जोराचा झटका बसतो.

ज्या शटरला घड्याळासारखी दातेरी चाके आहेत, किंवा जे कापडी पडद्याचे आहे, तेही उघडू नका. ते काम जाणत्या कारागिराचे. स्प्रिंग तुटलेली असेल तरीही त्याच्याकडेच जा. थांबणे हाही कामाचाच भाग आहे.

यंत्राला भिऊ नये

कोणी म्हणेल, यंत्राचे काम शिकलेल्यांचे, आपले नव्हे. त्याला कोल्हापूरची गोष्ट सांगावी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांनी सिनेमा पाहिला आणि आपणच त्याचा कॅमेरा तयार करावा, असे मनावर घेतले. सिनेमाच्या कॅमेऱ्याची पापणी सारखी उघडमीट करते. त्या काळी ती सेकंदाला सुमारे सोळा वेळा उघडे. ते जमवणे सोपे नव्हते. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी १९१८ साली चालता कॅमेरा तयार केला. त्यातूनच 'सैरंध्री' हा मूकपट निघाला आणि १९२० साली लोकांपुढे आला.

ही माणसे काही यंत्राच्या कॉलेजात गेली नव्हती. पण एक गोष्ट त्यांनी केली. आधी समजून घेतले, मग हात घातला. आम्ही १९९३ साली उलट केले. आधी हात घातला. समजून घ्यायला एकतीस वर्षे लागली.

रोलचे काय झाले?

महिन्याने पुण्याहून पाकीट आले. वहिनींच्या हातात दिले. सहापैकी चार फोटो काळवंडून गेले होते. दोन दिसत होते.

एकात मैलारपूरची यात्रा होती. पौष पौर्णिमेला तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. गर्दी, भंडारा, वर ध्वज. माणसे ओळखू येत नव्हती.

दुसऱ्यात आमचे जुने घर होते. भूकंपात पडली ती ओसरी, तो लाकडी खांब. ओसरीवर आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. आई कधी फोटोला बसत नसे. "म्हातारीचा कशाला फोटो?" म्हणे. तिच्या नकळत अण्णांनी तो काढला असावा. आमच्या घरात आईचा दुसरा फोटो नाही.

वहिनी पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काढायच्या दिवशी मी भाकरी थापत होते आत." एवढेच.

मग आम्ही नवा रोल मागवला. तसले रोल आजही तयार होतात, मोठ्या शहरातून येतात. पहिला फोटो वहिनींनी साक्षरता वर्गाच्या बायांचा काढला. बारापैकी नऊ फोटो चांगले आले. तीन बिघडले. ते शटरने नव्हे, आमचा हात हलला म्हणून.

लक्षात ठेवा

उघडण्याआधी लाल काचेत आकडा पाहा.
आधी बघा, मग हात लावा.
पाते साफ करा, तेल घालू नका.
आग दूर ठेवा.
फ्लॅशचा कॅमेरा उघडू नका.
वस्तू दुसऱ्याची असेल, तर त्याला आधी विचारा.

शेवटची ओळ कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती आमच्या पदरची आहे.